कागलची चंद्रप्रभा, पॅरिसचा कॅमेरा

मान रे या छायाचित्रकाराने 1920 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये एका तरुण हिंदी जोडप्याची काही छायाचित्रं काढली. फॅशनच्या आणि छायाचित्रणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती आजही छापली जातात. खाली ओळ असते: ‘इंदूरचे महाराज आणि महाराणी’. महाराज म्हणजे यशवंतराव होळकर, दुसरे. महाराणी म्हणजे संयोगितादेवी. त्यांचं माहेरचं नाव चंद्रप्रभा, आडनाव घाटगे, गाव कागल. आमच्या गारगोटीहून मुदाळतिट्टा गाठला की एक रस्ता निढोरीवरून कागलकडे जातो. त्या रस्त्याच्या टोकाच्या गावची ही मुलगी पॅरिसच्या सर्वांत नावाजलेल्या कॅमेऱ्यासमोर कशी पोचली, याची हकिकत सुरू होते शाहू महाराजांच्या एका हट्टापासून.

महाराज स्वतः कागलच्या घाटग्यांचे. 26 जून 1874 रोजी जन्मलेला यशवंत घाटगे 1884 च्या मार्चमध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला आणि शाहू छत्रपती झाला. घाटग्यांच्या जहागिरीच्या दोन शाखा होत्या, कागल सिनिअर आणि कागल ज्युनिअर. महाराज सिनिअर शाखेतले. चंद्रप्रभा ही ज्युनिअर शाखेच्या दत्ताजीराव घाटग्यांची मुलगी, म्हणजे महाराजांच्या भाऊबंदांतली. जातीबाहेरच्या लग्नाला कायद्याचा आधार हवा म्हणून महाराजांनी 1919 मध्ये संस्थानात तसा कायदा केला. पण कायद्याने वाट मोकळी झाली तरी त्या वाटेने आधी कोणी चालायचं, हा प्रश्न उरतोच. महाराजांनी तो आपल्या घरापासून सोडवायचं ठरवलं. मराठा आणि धनगर यांच्यात लग्नं व्हावीत, शंभर व्हावीत, असा त्यांचा बेत होता. त्यातलं सर्वांत ठळक स्थळ त्यांनी स्वतः जुळवलं: कागलची घाटगे मुलगी आणि इंदूरच्या होळकरांचा मुलगा.

होळकरांची दौलत मल्हाररावांनी उभी केली आणि मल्हारराव धनगराच्या घरचे. पानिपतापासून माळव्यापर्यंत ज्यांच्या घोड्यांच्या टापा वाजल्या, ज्या घरात अहिल्यादेवी झाल्या, त्या घराशी सोयरीक करायची म्हटल्यावर मराठा सरदारांनी मान लवून पुढे यायला हवं होतं. तसं होत नसे. दौलत कितीही मोठी असो, जात पाहिल्याशिवाय मुलगी दिली जात नसे. हे समजायला आम्हा गारगोटीकरांना पुस्तक उघडावं लागत नाही. आमच्या डोंगरात धनगरवाडे आहेत आणि खाली खोऱ्यात मराठ्यांची गावं आहेत. दोघांची जनावरं एका रानात चरतात, बाजार एक आहे, देवही बरेचसे एक आहेत, पण सोयरीक म्हटली की अंतर पडतं. महाराजांनी नेमकं तिथे बोट ठेवलं होतं.

लग्न पाहायला महाराज राहिले नाहीत. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ठरलेली सोयरीक मात्र मोडली नाही. 1924 मध्ये लग्न लागलं, कागलची चंद्रप्रभा इंदूरची संयोगिता झाली. नवरा पंधरा वर्षांचा आणि नवरी त्याहूनही लहान, दहा-अकराची. मला महाराजांविषयी अपार आदर आहे, तरी हे लिहिलंच पाहिजे: जातीची भिंत पाडायला निघालेल्या या लग्नात नवरी मूल होती. तिला कोणी काही विचारलं असेल असं मानायला जागा नाही. सुधारणेचा एवढा मोठा भार एका परकरी पोरीच्या खांद्यावर ठेवला गेला, आणि तिने तो पेलला. महाराजांचं मोठेपण सांगताना तिचं हे वय झाकून ठेवू नये.

तिच्या मागे राहिलेल्या महाराष्ट्रात त्या काळी बाईचं छायाचित्र म्हणजे काय होतं, हे थोडं थांबून पाहायला हवं. मराठा सरदार घराण्यांत गोषा होता. छबी निघे ती घरच्यांसाठी, दिवाणखान्यात लावण्यासाठी. ती चारचौघांत फिरत नसे. बाजारात जी छायाचित्रं फिरत, ज्यांच्याकडे बघून शहरातल्या बायका पातळ कसं नेसायचं आणि केसांत गजरा कसा माळायचा हे शिकत, ती एका पुरुषाची होती. बालगंधर्वांच्या सिंधू, भामिनी, रुक्मिणी या भूमिकांतल्या छब्यांनी मराठी मध्यमवर्गाची फॅशन घडवली. त्यांचं पातळ, त्यांचे दागिने, त्यांचं उभं राहणं यांची नक्कल घराघरांत झाली. बाईने बाई म्हणून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं अजून लाजिरवाणं होतं, म्हणून बाईचं सौंदर्य दाखवायचं कामही एका थोर गायक नटाने केलं.

ती लाज मोडण्यात कोल्हापूर पुढे होतं. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता कॅमेऱ्याच्या नादी लागले, स्वतःचा कॅमेरा त्यांनी स्वतः बनवला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्यात लागला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांनी कामं केली. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी झाली. त्यांना समाजाने बोल लावले. हे झालं चंद्रप्रभेच्या लग्नाच्या चार वर्षं आधी, कागलपासून काही कोसांवर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बायका विसाव्या शतकाच्या कॅमेऱ्यासमोर दोन दारांनी आल्या असं मी म्हणेन: एक दार पेंटरांच्या स्टुडिओचं, दुसरं कागलच्या वाड्याचं. पहिल्याविषयी आपण बरंच लिहिलं, दुसऱ्याविषयी जवळजवळ काहीच नाही.

इंदुरात नव्या सुनेला सुखाचे दिवस फार मिळाले नाहीत. जानेवारी 1925 मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्या मोटारीत मुमताज बेगम होती. ही नर्तकी इंदूरच्या दरबारातून निसटलेली, आणि तिला परत पळवून नेण्यासाठी हल्ला झालेला. खटल्याचे धागे इंदूरच्या राजवाड्यापर्यंत पोचले. हिंदुस्थानभरच्या आणि विलायतेतल्या वर्तमानपत्रांना महिनोन्महिने पुरेल एवढा मजकूर मिळाला. सासरे तुकोजीराव यांच्यापुढे सरकारने दोनच वाटा ठेवल्या, चौकशी किंवा गादीचा त्याग. फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी गादी सोडली. सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले आणि कागलची मुलगी महाराणी झाली. दोन वर्षांनी तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. डॉ. कुर्तकोटी शंकराचार्यांनी तिला हिंदू धर्मात घेतलं, ती शर्मिष्ठादेवी झाली, आणि धनगर समाजाने तिला आपलीशी केली. मराठा मुलीला आणि अमेरिकन बाईला अवघ्या चार वर्षांच्या अंतराने सामावून घेणारं हे घराणं होतं, हे विसरू नये.

यशवंतराव शिकायला इंग्लंडात होते. आधी चार्टरहाऊस, मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च. त्यांचे शिक्षक डॉ. मार्सेल हार्डी यांनी त्यांना पॅरिसच्या कलावंतांत नेलं. तिथे आंरी-पियेर रोशे भेटला, जो पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आला आणि तेव्हा चित्रं-शिल्पं जमवणाऱ्यांचा सल्लागार म्हणून वावरत असे. एकार्ट म्युथेसियुस हा बर्लिनचा वास्तुकार भेटला. तो महाराजांहून जेमतेम चार वर्षांनी मोठा. या मंडळींच्या गोतावळ्यातूनच हे जोडपं मान रेच्या कॅमेऱ्यापुढे आलं.

फॅशन छायाचित्रण तेव्हा तरुण होतं. 1911 मध्ये एडवर्ड स्टायकेनने पॉल प्वारे या शिंप्याच्या झग्यांची छायाचित्रं पॅरिसमध्ये काढली, त्यांना या कलेची सुरुवात मानतात. त्याआधी कपड्यांची चित्रं बहुधा हाताने काढली जात. ‘व्होग’ने बॅरन द मेयरला नोकरीवर घेतलं, 1923 मध्ये स्टायकेन त्या प्रकाशनसंस्थेचा मुख्य छायाचित्रकार झाला, आणि बघता बघता श्रीमंत घरातल्या बायका, नट्या, राजकन्या या मासिकांच्या पानांवर आल्या. मान रे 1921 मध्ये अमेरिकेतून पॅरिसला आला तो चित्रकार म्हणून. पोटासाठी त्याने प्वारेकडे कपड्यांची छायाचित्रं काढायला सुरुवात केली. 1926 मध्ये त्याने किकी या मॉडेलचा गोरा, मिटल्या डोळ्यांचा चेहरा आणि आफ्रिकेचा काळा मुखवटा शेजारी ठेवून काढलेलं छायाचित्र फ्रेंच ‘व्होग’मध्ये छापून आलं. त्यानंतर मान रेकडून छबी काढून घेणं हीच पॅरिसमध्ये एक प्रतिष्ठा होऊन बसली.

त्याची काम करण्याची एक पद्धत होती. तो कॅमेरा माणसाच्या अंगावर आणत नसे. थोडं लांब उभं राहून काचेच्या प्लेटवर छबी घ्यायची, आणि मग अंधाऱ्या खोलीत त्यातला हवा तेवढाच भाग, बहुधा चेहरा आणि हात, मोठा करायचा. त्यामुळे बसणाऱ्याला दडपण येत नसे आणि छापील चित्रात कडा मऊ उतरत. आता हिंदी राजेरजवाड्यांच्या त्या काळच्या जोडप्यांच्या छब्या आठवा: खुर्चीत ताठ बसलेले महाराज, तलवार, पदकं, शेजारी, बहुधा अर्धं पाऊल मागे, दागिन्यांनी जडावलेली राणी, दोघांची नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे. मान रेच्या चौकटीत यशवंतराव आणि संयोगिता एकमेकांना बिलगून आहेत. डोक्याला डोकं टेकलं आहे, हात गुंतले आहेत, काही छब्यांत दोघं मनमोकळं हसत आहेत. दरबार नाही, सिंहासन नाही, मागे रंगवलेला पडदा नाही. मराठी संस्थानी घरातल्या नवरा-बायकोने इतकं जवळ येऊन हसताना कॅमेऱ्याला पाहू द्यावं, याला आधीचं उदाहरण मला आठवत नाही.

आणि संयोगितादेवी तेव्हा विशीच्याही आत होत्या. नीट पाहिलं की चेहऱ्यावरचं ते पोरवय दिसतं. चेहरा उभट, डोळे मोठे, भिवया कोरलेल्या. पॅरिसच्या दुकानांनी आणि केशभूषाकारांनी त्यांना त्या काळाच्या फॅशनमध्ये अचूक बसवलं होतं. तरी त्या कॅमेऱ्याला शरण गेलेल्या वाटत नाहीत. किकीचा चेहरा मान रेने वस्तूसारखा वापरला. संयोगितादेवींचा चेहरा त्याला तसा वापरता आला नाही. त्या स्वतःच्या नवऱ्याबरोबर हसत होत्या, आणि ते हसू छायाचित्रकाराच्या मांडणीत बसणारं नव्हतं. गोषाच्या वाड्यातून निघून पाच-सहा वर्षांत इथवर येणं, तेही न बुजता, याला धिटाई लागते. ती धिटाई पॅरिसने दिली असं पुस्तकं सुचवतात. मला ते पटत नाही. जातीबाहेर लग्न होऊन, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास सासरच्या घराची वर्तमानपत्रांतली बदनामी सोसून, जी मुलगी राणी म्हणून उभी राहिली, तिच्याकडे धिटाई आधीपासून होती.

त्यांच्याबरोबर त्या काळात युरोपच्या डोळ्यांत भरलेल्या आणखी मराठी स्त्रिया होत्या. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेलं लग्न स्वतः मोडलं आणि 1913 मध्ये लंडनला कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. लोक तिच्या शिफॉनच्या साड्यांची नक्कल करत. तिच्या मुलीची, जयपूरच्या गायत्रीदेवींची, सेसिल बीटनने काढलेली छायाचित्रं सगळ्यांना माहीत आहेत. 1935 मध्ये स्कियापरेली या पॅरिसच्या शिंपिणीने साडीच्या निऱ्यांवरून झगे बेतले, तेही कपूरथळ्याच्या एका राजकन्येला पाहून. हिंदी राण्यांचं नेसणं युरोपने उचललं आणि त्यावर आपला शिक्का मारला. हे घेणं-देणं दोन्ही बाजूंनी चालत होतं, पण मासिकांत श्रेय एकाच बाजूला लिहिलं गेलं.

होळकर जोडप्याने छायाचित्रांखेरीज रंगीत चित्रंही काढवून घेतली. बेर्नार बुते द मोंव्हेल हा चित्रकार अमेरिकेच्या ‘हार्पर्स बझार’साठी फॅशनची चित्रं काढत असे. त्याने महाराजांना एकदा विलायती रात्रपोशाखात रंगवलं, आणि काही वर्षांनी मराठी पेहरावात, डोक्याला पगडी बांधून गादीवर बसलेलं. संयोगितादेवींचीही त्याने चित्रं केली. या चित्रांतला झगमगाट खरा होता. तुकोजीरावांनी 1913 मध्ये पॅरिसच्या शोमे या जवाहिऱ्याकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले होते, प्रत्येकी सुमारे 47 कॅरटचे. ‘इंदूरचे पेअर’ म्हणून ते जगभर ओळखले जातात.

दरम्यान इंदुरात माणिकबाग उभी राहत होती. 1930 ते 1933 या काळात म्युथेसियुसने बांधलेला हा राजवाडा बाहेरून साधा आणि आतून त्या घडीच्या जगातला सर्वांत आधुनिक म्हणावा असा. रूलमानचं लेखनाचं टेबल, ल कोर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियांची आरामखुर्ची, आयलीन ग्रेची खुर्ची, दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे, प्युइफोर्काची चांदीची भांडी. महाराज आणि महाराणी यांच्या पलंगांचं काम लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स या जोडीने केलं, धातू आणि काच वापरून. माळव्याच्या उन्हाळ्यात थंड हवेची सोय होती. राजवाड्याच्या लेखांत या वस्तूंची यादी येते आणि मालक म्हणून महाराजांचं एकट्याचं नाव येतं. पण त्या खोल्यांत राहणारी, त्या आरशांसमोर उभी राहणारी, आणि फ्रान्समधल्या सगळ्या भटकंतीत बरोबर असणारी बाई निवडीच्या वेळी गप्प बसली असेल, हे मानायला मी तयार नाही. ऑक्टोबर 1933 मध्ये पॅरिसलाच त्यांची मुलगी उषाराजे जन्मली.

मग सगळं फार लवकर संपलं. जुलै 1937 मध्ये संयोगितादेवी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय तेविशीच्या आसपास, पदरात पावणेचार वर्षांची मुलगी. ब्रांकुशी या शिल्पकाराकडून महाराजांनी ‘अवकाशातला पक्षी’ या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या होत्या, एक ब्राँझमध्ये, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवरात. या शिल्पांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं होतं. राणीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला आला, पण महाराजांचं मन त्यात उरलं नव्हतं. मंदिर झालंच नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत.

त्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, 1938 मध्ये, कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ आला आणि मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर येऊन मराठी मुलखात खळबळ उडवली. त्याआधी 1932 मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’साठी दुर्गा खोटे कोल्हापुरात कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या होत्या, आणि 1941 मध्ये लीला चिटणीसांची छबी लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकली. वीस वर्षांपूर्वी ज्या कामासाठी गुलाबबाईंना बोल खावे लागले, ते काम आता शिकलेल्या, खानदानी घरातल्या बायका करत होत्या.

यशवंतरावांनी पुढे दोन अमेरिकन स्त्रियांशी एकामागून एक लग्नं केली. 1961 मध्ये ते वारले तेव्हा गादीचा वारसा भारत सरकारने मान्य केला तो मुलीचा, उषाराजेंचा. मराठा आईच्या आणि धनगर बापाच्या पोटची मुलगी होळकरांच्या गादीची वारस झाली. शाहू महाराजांनी 1922 च्या आधी जुळवलेल्या सोयरिकीचा एवढा थेट परिणाम दुसरा नसेल, आणि तरीही महाराजांच्या जयंतीच्या भाषणांत तो क्वचितच ऐकू येतो.

माणिकबागेतलं फर्निचर 1980 च्या मे महिन्यात मोनॅकोत लिलावात गेलं आणि राजवाड्यात सरकारी खात्याचं कार्यालय आलं. 2019 च्या सप्टेंबरात पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने महाराजांवर मोठं प्रदर्शन भरवलं. तिथे ते पलंग, खुर्च्या, चित्रं पुन्हा एका छताखाली आली, मान रेची छायाचित्रंही लागली. प्रदर्शनाचं नाव ‘आधुनिक महाराजा’ या अर्थाचं होतं. इंदुरात संयोगितागंज हा भाग आहे, म्हणजे सासरच्या शहरात त्यांचं नाव रोज घेतलं जातं. माहेरच्या जिल्ह्यात ते घेतलं जात नाही.

मान रेच्या हजारो निगेटिव्ह पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने जपल्या आहेत. या जोडप्याच्या छब्यांच्या चांगल्या प्रती मागवून कोल्हापुरात, कागलात लावाव्यात, असं मला मनापासून वाटतं. शाहू महाराजांच्या नावाची संग्रहालयं आपल्याकडे आहेत. त्यांच्या एका भिंतीवर ही छायाचित्रं 1919 च्या कायद्याशेजारी लावता येतील. खाली मजकूर असा असावा: चंद्रप्रभा दत्ताजीराव घाटगे, कागल ज्युनिअर, लग्नानंतर संयोगितादेवी होळकर, इंदूर, मराठा-धनगर विवाह, 1924, छायाचित्र मान रे, फ्रान्स.